शिरूरकडचा बिरू

माणगावहून पहाटे निघाल्यापासून ताम्हिणीचा घाट चढून पुण्याला पोहोचेपर्यंत नाना एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे त्यांच्या मानाने प्रवास सुखाचा चालला होता. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं, सहा नारळ, कोकमाची बरणी आणि त्यांची काठी होती. तांदूळ कशाला, असं मी निघताना विचारलं होतं. घाटावर भात मिळत नाही, असं उत्तर आलं. पुण्यात लाखो माणसं भात खातात हे मी त्यांना सांगितलं नाही. सत्तर वर्षांच्या निवृत्त हेडमास्तरांना काही सांगायला जाण्यात अर्थ नसतो, आणि ते आपले वडील असले तर मुळीच नसतो.

आम्ही निघालो होतो बिरूला शोधायला. आपल्याकडे भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरतात, रात्री आपल्या शेतात मेंढरं बसवतात, जमिनीला लेंडीखत मिळतं आणि त्यांना त्याबद्दल भात मिळतो, हे मी आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. आमच्या शेतात दहा-बारा हिवाळे बिरूचीच मेंढरं बसायची. त्याची बायको सगुणा, चार घोड्या, दोन कुत्री आणि कोंबड्यांची पाटी. शाळेतून आले की मी दप्तर टाकून तिकडे पळायची. सगुणा जात्यावर नव्हे, नुसती चुलीपाशी बसून ओव्या म्हणायची आणि मला बाजरीची भाकरी द्यायची. घरी मासे असले तरी मला ती भाकरीच हवी असायची. आजही पौष महिन्यात शेताच्या बाजूने वारा आला की मला तो मेंढरांचा उबदार वास येतो. आता तिथे मेंढरं बसत नाहीत, तरी येतो.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास नानांनी बांधाला हापूसची कलमं लावली. त्याच हिवाळ्यात एका सकाळी त्यातली सोळा कलमं बुडख्यापर्यंत खाल्लेली सापडली. नाना बिरूच्या तळावर गेले, मागून गाव गेलं. बिरूने कमरेच्या पिशवीतून बिरोबाचा भंडारा (देवाची हळद) काढला, हातात धरला आणि सांगितलं, माझ्या मेंढरांनी तुमच्या कलमांना तोंड लावलं नाही. नाना सगळ्यांसमोर म्हणाले, देवाच्या नावानेही खोटं बोलतोस, चालता हो. सगुणाने तव्यावरची भाकरी अर्धी कच्चीच उचलली. तासाभरात शेत मोकळं झालं. मी तेव्हा लग्नाला आलेली मुलगी होते, पण मध्ये पडायची माझी हिंमत झाली नाही. त्यानंतर ती माणसं आमच्या बाजूला कधी उतरली नाहीत.

पंधरा वर्षं गेली. त्या वर्षीच्या श्रावणात नानांना हृदयाचा झटका येऊन गेला आणि दिवाळीत त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, की ती कलमं बिरूच्या मेंढरांनी खाल्लीच नव्हती. शेजारच्या दत्तूचे बैल सुटले होते, दत्तूने तसं कबूल केलं होतं. "मला बिरूला हे तोंडाने सांगायचंय. मी आहे तोवर ने मला." दत्तू आदल्याच वर्षी वारला होता. मरताना बोलला असेल, असं मी धरून चालले आणि गाडी काढली.

नगर रस्त्याला लागल्यावर नानांची जीभ सुटली. कोरेगावच्या अलीकडे वढू बुद्रुकची पाटी दिसली तेव्हा त्यांनी गाडी आत घ्यायला लावली. चाळीस वर्षं चौथीला इतिहास शिकवला आणि संभाजीराजांच्या समाधीवर डोकं टेकवलं नाही, असं चालायचं नाही. टेकवलं. बाहेर येऊन पायांत चपला घालताना मला म्हणाले, "बिरू भेटला नाही तर?" मी म्हटलं, भेटेल. माझ्याकडे पत्ता म्हणून एवढंच होतं, की तो शिरूरकडचा. आपल्याकडे अजून उतरणाऱ्या धनगरांनीच ते सांगितलं होतं. तो आता मेंढरांमागे फिरत नाही, तिकडंच असतो.

शिरूरला बाजाराचा दिवस होता. तिथले लोक गावाला घोडनदीही म्हणतात. कांद्याच्या गोण्या, मेथीच्या जुड्यांचे ढीग, झेंडूचे भारे, आणि त्यांतून वाट काढणारी आमची जुनी पांढरी मारुती एट हंड्रेड. बाई गाडी चालवते आणि म्हातारा शेजारी बसून तिला रस्ता सांगतो, हे बघायला दोन-तीन जण थांबलेच. एका चहाच्या टपरीवर मी बिरूची चौकशी केली. कुठला बिरू, असं चहावाल्याने विचारलं. शिरूरचा, असं मी म्हटलं. शेजारी एक कांद्याचे व्यापारी बशीत चहा ओतून पीत होते, ते हसले.

"ताई, धनगर माणूस कोकणात उतरला की शिरूरचा, आन् शिरूरला आला की वाडीचा. वाडी कुठली, आडनाव काय, ते सांगा."

मी नानांकडे बघितलं. नानांनी चहाकडे बघितलं. दहा-बारा हिवाळे माणूस आपल्या शेतात राहिला आणि त्याचं आडनाव आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. शाळेच्या हजेरीपटावरची नावं बापाच्या नावासकट तोंडपाठ असलेल्या माझ्या वडिलांनाही नाही. मला त्या टपरीवर मनापासून लाज वाटली. व्यापारी मात्र भले होते. इनामगावला एक बिरू आहे, त्याची माणसं पूर्वी कोकणात जायची, असं सांगून त्यांनी न्हावऱ्याचा रस्ता दाखवला आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणारा तो राज्यरस्ता तेव्हा एका गाडीपुरताच होता. समोरून कुणी आलं की दोघांनीही अर्धं चाक मातीत उतरवायचं आणि हात वर करायचा. डांबराच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. दोन्ही बाजूंना बाभळी, त्यांच्यामागे कणसाला आलेली ज्वारी, मधेच उसाचा हिरवा चौकोन, कालव्याचं पाणी, आणि वर एवढं आभाळ की आपल्या डोंगरांत राहणाऱ्या माणसाला उघड्यावर बसल्यासारखं वाटावं. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की अर्धा तास त्याच्या मागे. नाना सारखं म्हणत होते, हॉर्न दे. मी हॉर्न दिला तर ट्रॅक्टरवरच्या गाण्यात तो ऐकू जाणार नव्हता. मागे चालता चालता ट्रॉलीतून पडलेलं एक उसाचं कांडं मी थांबून उचललं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले ती चोरी आहे, आणि मग अर्धं त्यांनी खाल्लं.

इनामगावचा बिरू पस्तिशीचा निघाला. कोकणात तो एकदाच, मित्राच्या लग्नाला अलिबागेला गेला होता. आम्ही चुकलो होतो, पण त्याने आम्हाला सोडलं नाही. शेतात आगटी पेटलेली होती (खड्डा करून पेटवलेल्या गोवऱ्या), तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजून, हातावर चोळून त्याने हुरडा (ते भाजलेले हिरवे दाणे) आमच्या ओंजळीत घातला. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. नाना भाताचं नाव विसरले. घोड नदीच्या काठाकडे बोट करून तो मुलगा सांगू लागला की तिथे उकरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची घरं, भांडी, सगळं सापडलं. नाना म्हणाले, "तीन हजार वर्षांपूर्वीचा सापडतो, आणि आपला पंधरा वर्षांपूर्वीचा सापडत नाही."

तेवढ्यात त्याचे आजोबा काठी टेकत बांधावर आले. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला होता. आम्ही कुणाला शोधतोय ते नातवाने त्यांना सांगितलं. आबा खाली बसले आणि त्यांनी मला विचारलं,

"नाव ऱ्हाऊ द्या. बिरू पन्नास हायेत. मेंढराचा कान कसा व्हता?"

ही गोष्ट मला माहीत होती, फक्त कुणी विचारली नव्हती. कोकरू लहान असतानाच धनगर त्याच्या कानाला काप देतात, प्रत्येक घराण्याचा काप वेगळा. दोन कळप मिसळले तर कानावरून आपलं-परकं कळतं. लहानपणी मी सगुणाला विचारलं होतं, याला दुखत नाही का. दुखतं, पण हरवत नाही, असं ती म्हणाली होती. मी आबांना सांगितलं, डाव्या कानाचा शेंडा उडवलेला आणि उजव्या कानाला मागच्या बाजूने दोन खाचा.

आबांनी डोळे मिटले. मग त्यांनी कुठल्या घराण्याचा कोणता कान ते पुटपुटत बोटांवर मोजलं. "हा कान हिकडचा न्हाई. कुरकुंभाच्या अंगाचा हाय. दौंड तालुका. माळावरच्या वाडीत इचारा, बिरू सोमा म्हना. माझ्याबरुबर एकदा मुळशीला तळ पडला व्हता त्याचा." नानांनी आबांचे हात हातात घेतले. ते असं कधी करत नाहीत.

पुन्हा न्हावरा, मग दक्षिणेला. पारगावपाशी भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका. पुलावरून पाणी दिसलं, पाण्याच्या कडेने ऊस, आणि थोड्या पुढे गुऱ्हाळांच्या चिमण्या. गुळाच्या काहिलीचा वास गाडीत शिरला की काच वर करवत नाही. एका गुऱ्हाळावर आम्हाला गरम काकवी प्यायला दिली. नानांनी दोन घोट घेतले आणि पेला ठेवून दिला. जसजसं कुरकुंभ जवळ येत होतं तसतसे ते गप्प होत होते. चौफुल्याला चाक पंक्चर झालं. पंक्चरवाला बिहारचा होता, तो हिंदीत माझ्याशी गप्पा मारत होता, आणि नाना बाभळीखाली पाठमोरे उभे राहून एकटेच काहीतरी म्हणत होते. मला आधी वाटलं, स्तोत्र. मग कळलं, पाठ करतायत. काय बोलायचं ते.

सोलापूर रस्त्याने पाटस सोडलं की कुरकुंभ डोळ्यांआधी नाकाला कळतं. कंपन्यांच्या टाक्या, पाइप, शिफ्ट सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या बसेस. पाळीवरून सुटलेल्या एका मुलाला माळावरची वाडी विचारली, तर तो बिरूचाच शेजारी निघाला. त्याने मोटरसायकल पुढे घातली. ऊन अजून चांगलं होतं.

दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, दारात चिंच, तीन शेळ्या. मेंढरू एकही नाही. ओट्यावर कांद्याची रोपं निवडत बसलेली म्हातारी उठली, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मीनाताई न्हवं का तू?" मी सगुणाच्या गळ्यात पडले. वयाच्या चाळिशीत मी एवढी रडेन असं मला वाटलं नव्हतं. मग तिने माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघितलं. नाना दार उघडून काठी शोधत होते. तिने पदर डोक्यावर घेतला, त्यांना पाणी दिलं, पण बोलली नाही.

बिरू शेतातून खांद्यावर फावडं टाकून आला. पागोटं तेच, माणूस निम्मा झालेला. नानांना बघून त्याने फावडं भिंतीला लावलं आणि हात जोडले. नाना उठून उभे राहिले. पाठ केलेलं सुरू करायला त्यांनी घसा साफ केला, तर बिरूच बोलला.

"गुरुजी, आधी मला बोलू द्या. तुम्ही एवढ्या लांब आलाय, म्हंजी त्याचसाठी आला असाल. त्या दिशी सकाळी म्या उठलो तवा वाघर पडल्याली व्हती." वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. "पाच-सात मेंढरं भायेर, कलमांपाशी. म्या गुपचूप हाकलून आत घातली, वाघर हुबी केली. मग तुम्ही आलात आन् म्या भंडारा उचालला. देवाच्या हळदीवर खोटं बोललो. तवापास्नं म्या भंडाऱ्याला हात लावला न्हाई."

बाकीचं सगुणाने सांगितलं, शेळीला चारा टाकत, आमच्याकडे न बघता. बिरोबाच्या जत्रेत पूर्वी बिरू ओव्यांची पहिली ओळ उचलायचा. पंधरा वर्षं तो देवळाच्या बाहेर बसतो. मुलाच्या लग्नात देवाला भंडारा वाहायला चुलत्याला पुढं केलं. विचारलं तर काही सांगत नाही. मेंढरं चराईअभावी विकली असं लोक म्हणतात, तेही खरं, पण कोकणाची वाट त्याने त्याच्या आधीच सोडली होती.

नाना पाठ केलेलं सगळं विसरून गेले असावेत. ते खाली, ओट्याच्या पायरीवर बसले.

"बिरू, तुझी शपथ खरी होती. दत्तूचे बैल सुटून आले होते. वाघर त्यांनी पाडली, कलमंही त्यांनीच खाल्ली. तुझी मेंढरं नुसती बाहेर उभी होती. मी तुला चारचौघांत खोटा म्हणालो. चुकलं माझं."

चाळीस वर्षं मुलांकडून माफीची वाक्यं म्हणून घेणाऱ्या माणसाच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, झालं. पोहोचलो आपण.

बिरूने विचारलं, "बैलांचं तुम्हाला कवा कळलं?"

नाना म्हणाले, "त्याच वर्षी. गणपतीत दत्तू आला होता सांगायला."

मला ते माहीत नव्हतं. बिरूने फावडं उचललं आणि तो शेतात निघून गेला. लांब त्याने एका वाफ्याचं पाणी मोडलं, दुसऱ्याला लावलं. सगुणाने चहा ठेवला. नाना पायरीवरून उठले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

पाणी लावून बिरू परत आला, हातपाय धुतले आणि घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर भंडारा होता आणि मुठीतही. त्याने सगुणाला लावला, मला लावला. सगुणाने पदर तोंडावर धरला होता. नानांपाशी येऊन तो थांबला.

"गुरुजी, हितं येऊन सांगितलंत, बरं केलंत. पर मला खोटा म्हनालात ते तिथं, गावाफुडं. तिथं सांगा. मग ह्यो लावून घ्यायला या."

आणि मूठ मिटून त्याने पिशवीत भंडारा परत टाकला. मग जेवल्याशिवाय जायचं नाही असं बजावलं. सगुणाने आम्ही नेलेल्या तांदळाचा भात नानांसाठी वेगळा शिजवला, हुलग्याची शेंगोळी (पिठाची वळलेली बोटं, रश्शात शिजवलेली) केली. बिरू नानांच्या पंक्तीला बसला आणि कांद्याच्या भावाविषयी बोलला.

दौंडला स्टेशनसमोरच्या लॉजवर मुक्काम केला. सकाळी चहा पिताना समोर गाड्यांची इंजिनं बदलत होती आणि मी नानांना झापत होते. दरवर्षी धनगर खाली उतरत होते. त्यांच्यातल्या कुणाजवळही एक निरोप दिला असता तर तो माणूस पंधरा वर्षं देवळाबाहेर बसला नसता. नाना म्हणाले, निरोप म्हणजे चार तोंडांतून जाणार. गावात झालं असतं, गुरुजी चुकले म्हणून. "शाळेत मला तोंड दाखवायचं होतं, मीना." मी त्यांना म्हटलं, निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली होती. परतीच्या सबंध रस्त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि या वेळी मला तो प्रवास सुखाचा वाटला नाही.

आता शिरूर-चौफुल्याचा तो रस्ता रुंद झाला आहे म्हणतात. समोरच्यासाठी मातीत उतरायला लागत नाही, हातही वर करायला लागत नाही. चांगलंच झालं. पण मला आठवतो तो अर्धं चाक खाली उतरवायला लावणारा रस्ता. त्यावर दोघांपैकी आधी कुणी उतरायचं ते ठरवावं लागायचं.

घरी पोहोचल्यानंतरच्या रविवारी नानांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर गेले. मी मागोमाग गेले. दहा-बारा माणसं होती. नानांनी काठी टेकली, पाठ सरळ केली आणि मोठ्याने सांगितलं, की पंधरा वर्षांपूर्वी मी बिरू धनगराला गावासमोर खोटा ठरवलं, तो खरा होता, मला ते तेव्हाच कळलं होतं आणि मी लपवलं. मी त्यांचा दंड धरला.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. पुढे बसलेल्या, नानांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने अदबीने विचारलं, "गुरुजी, कोण बिरू?"

दुसऱ्यालाही आठवेना, तिसऱ्यालाही नाही. ज्यांच्यासाठी पंधरा वर्षं जपलं होतं, त्यांच्यातल्या एकालाही ती सकाळ आठवत नव्हती. नाना क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पाराच्या कडेला बसले, आणि आपल्या शेतात मेंढरं कधीपासून बसायची तिथपासून, पहिल्यापासून सांगायला लागले.